दाभोळची यात्रा आणि देहधर्म

प्रवासवर्णने वाचण्याची आवड आम्हांस विद्यार्थिदशेपासून आहे. काशीयात्रेपासून विलायतेच्या सफरीपर्यंत जे जे पुस्तक हाती आले ते ते आम्ही आवडीने वाचिले. परंतु या वाङ्मयात एक गोष्ट आम्हांस नेहमी चमत्कारिक वाटत आली आहे. ग्रंथकार सूर्योदय वर्णितो, देवळाचे शिखर वर्णितो, धर्मशाळेतील ढेकणांवरही चार ओळी खर्च करितो; पण पहाटेची गाडी सुटावयास पाच मिनिटे उरली असता त्याचे चित्त कोठे गुंतले होते, हे मात्र तो सहसा सांगत नाही. वाचकाने जणू असे समजावे की, प्रवासास निघताना ग्रंथकाराने आपले पोट घरीच खुंटीस टांगून ठेविले होते! वस्तुतः परमुलखात पाऊल टाकणाऱ्या मनुष्याच्या मनात जेवण कोठे मिळेल हा प्रश्न दुसरा असतो. पहिला कोणता, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे.

आमच्या प्राचीन शास्त्रकारांस असला खोटा संकोच नव्हता. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आचार सांगताना देहधर्माचे नियमही तपशीलवार घालून दिले आहेत. रस्त्यावर बसू नये, राखेत बसू नये. गोठ्यात, नांगरलेल्या शेतात, पाण्यात, डोंगरावर, पडक्या देवळात, वारुळावर, जीवजंतूंच्या बिळांत, नदीच्या काठी बसू नये. चालता चालता किंवा उभ्याने हा विधी उरकू नये. वारा, अग्नी, ब्राह्मण, सूर्य, पाणी आणि गाई यांच्याकडे तोंड करू नये. दिवसा उत्तरेस आणि रात्री दक्षिणेस तोंड करावे. ही यादी वाचून कोणासही वाटेल की, मग माणसाने जावे तरी कोठे? परंतु शास्त्रकार व्यवहारज्ञ होते. त्यांनी लगोलग अपवादही सांगून ठेविला आहे की, सावलीत वा अंधारात, तसेच जिवावर बेतण्याचे भय असेल तेव्हा, सोयीस पडेल त्या दिशेस तोंड करावे. हा अपवाद ज्याने घातला त्याने आयुष्यात एकदा तरी लांबचा प्रवास केला असला पाहिजे, अशी आमची खात्री आहे.

या अपवादाचा प्रत्यक्ष पडताळा गेल्या वैशाखात दाभोळ येथे आला. त्याच यात्रेचा वृत्तान्त येथे देत आहो.

आमचे बिऱ्हाड साताऱ्यास. घर जुन्या वळणाचे, एकत्र. लहानथोर मिळून चौदा माणसे. धाकट्या बंधूंची कन्या विवाहानंतर पतीसह आयर्लंडात डब्लिन शहरी असते. ती उभयता महिन्याच्या रजेवर आली, तेव्हा दाभोळच्या चंडिकादेवीच्या दर्शनास जावयाचा बेत ठरला. विशेष म्हणजे या वेळी आमच्या थोरल्या वहिनीही निघाल्या. वहिनींचे वय पंचाहत्तर. घरातील लग्नकार्ये, बाळंतपणे, आजारपणे त्यांनी निभावून नेली, परंतु घरातून कोणतीही यात्रा निघाली की, "मला नाही बाई हौस, मी घर राखते," हे त्यांचे ठरलेले उत्तर असे. पुतणीने मात्र हट्टच धरला. "मोठी काकू येणार नसेल तर मीही जात नाही," असे तिने म्हणताच वहिनींचा निरुपाय झाला.

उंब्रज, पाटण, कोयनानगर या मार्गाने आमची भाड्याची मोटार निघाली. कुंभार्ली घाट उतरल्यावर रस्त्याच्या कडेस फणस फोडून गरे विकावयास मांडले होते. कोकणात फणसाच्या दोन जाती प्रसिद्ध आहेत. एक कापा, दुसरा बरका. कापा घट्ट असतो आणि दातांस काम देतो. बरका रसाळ, तो घशाखाली आपोआप उतरतो. आमच्या जावईबापूंच्या दृष्टीस आठ वर्षांत फणस पडला नव्हता. त्यांनी बरक्याचे गरे किती खाल्ले याची मोजदाद कोणी केली नाही, आणि जावयाच्या खाण्याची मोजदाद करणे शिष्टसंमतही नव्हे. त्यावर थंडगार कोकम सरबताचे दोन पेले झाले. चिपळूण सोडल्यावर एका उपाहारगृहापाशी मोटार थांबली. तेथील शौचकूपास कुलूप होते, आणि किल्ली ज्या गृहस्थांजवळ होती ते जेवावयास गेले होते. त्या वेळी कोणास निकड नव्हती. निदान तसे कोणी बोलून दाखविले नाही.

दुपार कलता कलता आमची मंडळी धोपाव्यास पोहोचली. वासिष्ठी नदी जेथे समुद्रास मिळते तेथे दक्षिण तीरावर गुहागर तालुक्यातील धोपावे आणि उत्तर तीरावर दापोली तालुक्यातील दाभोळ अशी ही दोन गावे समोरासमोर आहेत. पूर्वी मोटारीने एकीकडून दुसरीकडे जाणे म्हणजे चिपळुणावरून मोठा वळसा असे. २००३ पासून माणसांसह मोटारीही पलीकडे नेणारी फेरीबोट सुरू झाली आणि हा वळसा वाचला. बोट पलीकडे गेलेली होती, समोर दाभोळ दिसत होते, आणि हाताशी तेरा श्रोते होते. जन्मभर मास्तरकी केलेल्या मनुष्यास याहून अधिक काय हवे? आम्ही दाभोळचा इतिहास सांगावयास प्रारंभ केला.

आज हे गाव मच्छीमारांच्या होड्यांचे, कौलारू घरांचे, शांत असे दिसते. पण पाचशे वर्षांपूर्वी ते बहामनी राज्याचे थोर बंदर होते. परदेशचे घोडे येथे उतरत. मक्केस जाणारे यात्रेकरू येथून जहाजावर चढत. अफनासी निकीतीन नावाचा रशियन व्यापारी हिंदुस्थानात काही वर्षे हिंडला, तो १४७२ च्या सुमारास स्वदेशी परतावयास याच दाभोळास आला. होर्मुझपर्यंतच्या प्रवासाचे भाडे त्याने दोन सुवर्णनाणी दिले. परंतु होर्मुझ राहिले बाजूस. महिनाभर त्याच्या दृष्टीस जमीन म्हणून पडली नाही, आणि पुढे जे डोंगर दिसले ते हबशांच्या मुलखाचे, म्हणजे आफ्रिकेचे निघाले. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेइदा याने दाभोळावर आरमार घालून शहर लुटले व जाळले. तरी बंदर पुनः उभे राहिले. विजापूरकरांच्या अमलात, सतराव्या शतकात, येथे घुमटाची सुंदर शाही मशीद झाली. तिला लोक अंडा मशीद म्हणतात. त्यानंतर आगबोटींचा काळ आला. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरे घेत दक्षिणेस जाई, आणि चिपळूणचे उतारू दाभोळास उतरून खाडीतील लहान बोटीने गोवळकोटास जात. तो काळही सरला. अलीकडे दाभोळचे नाव जगभर झाले ते वीजप्रकल्पामुळे. परंतु गंमत अशी की, तो प्रकल्प मुळी दाभोळात नाहीच. तो आहे नदीच्या दक्षिणेस, अंजनवेल व वेलदूर या गावांकडे.

एवढे व्याख्यान झाल्यावर, शाळेतील जुन्या सवयीप्रमाणे, कोणास काही शंका आहे काय, असे आम्ही विचारले. सात वर्षांच्या नातवाने हात वर केला.

"आजोबा, तो रशियाचा माणूस महिनाभर जहाजात होता ना? मग तो शी करायला कुठं जायचा?"

सर्व मंडळी हसली. परंतु शंका रास्त होती. अरबी समुद्रातील जुन्या गलबतांवर मागच्या अंगास, पाण्यावर बाहेर काढलेली, तळास भोक असलेली एक लाकडी पेटी असे. तिच्यात बसून मनुष्य खाली लाटा पाही आणि वर ईश्वराचे नाव घेई. युरोपीय शिडाच्या जहाजांवर ही जागा मागे नसून अगदी पुढच्या टोकावर, म्हणजे नाळेवर असे. कारण उघड आहे. शिडाचे जहाज बहुधा मागून येणाऱ्या वाऱ्यावर चालते; तेव्हा दुर्गंधी पुढे समुद्रावर निघून जाते, आणि येणाऱ्या लाटा जागा धुऊन काढतात. जहाजाचे ते टोक म्हणजे त्याचे डोके. म्हणून इंग्रज खलाशी आजही शौचकूपास 'हेड' म्हणतात. हे आम्ही समजावून सांगत असतानाच बोट धक्क्यास लागली, मोटार आत चढली, आणि जावईबापूंचा चेहरा एकाएकी पांढराफटक पडला.

"काका, पलीकडे जायला किती वेळ लागतो?" त्यांनी अगदी हळू विचारले.

"दहा-पंधरा मिनिटे. का बरे?"

"काही नाही."

वाचकहो, प्रवासात 'काही नाही' हे दोन शब्द ज्या स्वरात उच्चारिले जातात तो स्वर ओळखावयास शिकले पाहिजे. पाण्याच्या मध्यावर आल्यावर जावईबापू कठड्यास घट्ट धरून उभे होते. अंजनवेलचा गोपाळगड, दीपगृह, नदीमुखाची ती रुपेरी रेघ, यांपैकी काहीही त्यांस दिसत नव्हते. थोड्या वेळाने ते पुनः आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "काका, ती मागच्या बाजूची पेटी हल्ली ठेवत नाहीत का हो?" तेव्हा कोठे प्रसंगाचे गांभीर्य सर्वांच्या ध्यानात आले.

बोट दाभोळास लागताच ते सर्वांच्या आधी उतरले. चार पावले धावत गेले, थबकले, उलट फिरले, पुनः थबकले. मनूची यादी त्या क्षणी जशी दृश्यरूपाने समोर उभी राहिली तशी ती भाष्यकारांच्या दृष्टीसही पडली नसेल. समोर रस्ता, मागे नदीतीर, डाव्या हातास पाणी, उजव्या हातास डोंगर. सूर्य पश्चिमेस, वारा समुद्रावरून. रस्त्याच्या मधोमध दोन गाई रवंथ करीत उभ्या. आणि ब्राह्मण म्हणाल तर आम्ही तेरा जण, सर्वच्या सर्व त्यांच्याकडे पाहत उभे!

जवळच एका कौलारू घराच्या ओट्यावर एक प्रौढ बाई मासळी निवडीत बसली होती. तिने एकदा जावईबापूंच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि सर्व ओळखिले.

"अहो दादा, तिकडं कुठं जाताय? तिकडं नुसता कातळ हाय. आमच्या घरात चला. मागल्या दारी हाय संडास, पाणी पण भरलेलं हाय."

जावईबापू तिच्या मागोमाग आत गेले. गेले म्हणण्यापेक्षा अदृश्य झाले. बाहेर मंडळींस हसू आवरेना. लहान मुले तर लोळू लागली. बाई परत ओट्यावर आली. तिची दृष्टी आता मोटारीच्या सावलीस उभ्या असलेल्या आमच्या वहिनींकडे गेली. ती उठली, वहिनींजवळ गेली आणि आवाज उतरवून म्हणाली, "आजी, त्यांचं झालं की तुमी पण जाऊन या. बाईमाणसाला कोन विचारत नाय."

वहिनी क्षणभर खाली पाहत राहिल्या. मग मुकाट्याने तिच्याबरोबर आत गेल्या. बाहेर आल्यावर त्या ओट्यावर टेकल्या आणि त्यांनी स्वतः होऊन पाणी मागितले. त्या बाईने तांब्या आणून दिला. दोन पिढ्यांपूर्वी आमच्या घरातील बाईने अनोळखी उंबऱ्यात, तेही मासळी निवडणाऱ्या हातचे, पाणी घेतले नसते. वहिनींनी तांब्या दोन्ही हातांनी धरिला, एका दमात रिकामा केला आणि आणखी मागितला. प्रवासात वहिनी पाणी पीत आहेत हे दृश्य आमच्या घरातील कोणीही त्या दिवसापूर्वी पाहिलेले नव्हते.

चंडिकादेवीचे स्थान पाहण्याजोगे आहे. कातळातील गुहेत, ठेंगण्या दारातून वाकून जावे लागते. आत समयांचा मंद उजेड, आणि त्या उजेडात देवीची शेंदूरचर्चित मूर्ती. बाहेरील कडक उन्हातून आत शिरले की क्षणभर काही दिसत नाही. मग हळूहळू प्रथम डोळे दिसतात, नंतर मुख दिसते. वहिनी तेथे बराच वेळ बसून होत्या.

रात्री मुक्कामी अंगणात सतरंजी घालून सर्व बसलो. जावईबापू खालमानेने पेज पीत होते. त्यांचे समाधान करावे, या संकटात आपण एकटे नाही हे त्यांस कळावे, म्हणून आम्ही त्यांस ओखिलचंद्र सेन यांची कथा सांगितली. १९०९ साली या बंगाली गृहस्थांनी साहिबगंज येथील रेल्वेच्या कचेरीस एक पत्र धाडिले. ते मूळ इंग्रजी पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयाने जतन करून ठेविले आहे. ओखिलबाबूंनीही फणसच खाल्ला होता! अहमदपूर स्थानकावर पोट फुगले म्हणून ते उतरून शौचास बसले, तोच गार्डाने शिटी दिली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर, अशा स्थितीत ते गाडीमागे धावले, फलाटावर पडले, आणि जमलेल्या स्त्रीपुरुषांसमोर त्यांची अब्रू उघडी पडली. गाडी निघून गेली. गार्डास मोठा दंड करा, नाहीतर सर्व प्रकार वर्तमानपत्रांत छापतो, असे त्यांनी बजाविले. त्यांचे इंग्रजी मोडके होते खरे, परंतु त्यांची तक्रार मोडकी नव्हती. खालच्या वर्गांच्या डब्यांत शौचकूप येण्याचे श्रेय याच पत्रास दिले जाते.

जावईबापूंच्या मुखावर किंचित तेज आले. मग एकाने एक, दुसऱ्याने दुसरी, अशा गोष्टी निघू लागल्या. पुतणी म्हणाली की, आयर्लंडात काही ठिकाणी पाट्या केवळ आयरिश भाषेत असतात. पुरुषांच्या दारावर 'फिर' आणि स्त्रियांच्या दारावर 'म्ना'. हा 'म्ना' शब्द रोमन लिपीत एम, एन, ए असा लिहितात. घाईत असलेल्या पाहुण्यास वाटते की, 'मॅन' लिहिताना रंगाऱ्याने शेवटची दोन अक्षरे उलटी केली; आणि 'फिर' मधील एफ हे तर 'फीमेल'चेच आद्याक्षर! अशा रीतीने उत्तम इंग्रजी जाणणारा गृहस्थ सरळ बायकांच्या दारातून आत शिरतो.

त्यावर आम्ही आमच्या एका स्नेह्यांची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ तंत्रशास्त्राचे व्यासंगी. एका परिषदेनिमित्त पोलंडात गेले होते. तेथे दारांवर अक्षरे नसून आकृती असतात. एका दारावर वर्तुळ आणि दुसऱ्यावर त्रिकोण, बहुधा टोक खाली केलेला. आमच्या स्नेह्यांनी शास्त्राचा आधार घेतला. श्रीयंत्रात अधोमुख त्रिकोण म्हणजे शक्ती. तेव्हा ते दार स्त्रियांचे, हे उघड आहे. म्हणून ते वर्तुळाच्या दाराने आत गेले. पोलंडात मात्र त्रिकोण पुरुषांचा आणि वर्तुळ स्त्रियांचे! आतून जो कोलाहल उठला त्याचे निराकरण कोणत्याही तंत्रग्रंथात नाही.

दुसऱ्या एका स्नेह्यांची गोष्ट पॅरिसची. तेथे रस्त्यांवर आपोआप धुतली जाणारी शौचगृहे आहेत; मनुष्य बाहेर पडला, दार मिटले, की आतील जमीनही यंत्राने धुतली जाते. २००६ पासून ती निःशुल्क झाली. त्यापूर्वी नाणे टाकावे लागे. हे काटकसरी गृहस्थ त्या आधी गेले होते. आधीचा मनुष्य बाहेर पडत असता त्यांनी दार मिटण्यापूर्वीच आत उडी घेतली आणि एक नाणे वाचविले. दार मिटले. यंत्रास वाटले, आत कोणी नाही. पुढील वर्णन न केलेलेच बरे. ते गृहस्थ सचैल स्नान करून बाहेर आले, एवढेच सांगतो. पाण्याचे हे ऋण फेडले जपान्यांनी. १९८० साली तेथे 'वॉशलेट' नामक आसन निघाले; कळ दाबली की कोमट पाण्याची धार येते. कागदाने काम भागविणाऱ्या जगास, पाण्यावाचून शुद्धी नाही हे आमच्या आज्यापणज्यांचे मत यंत्राच्या मुखाने ऐकावे लागले.

सर्वांची हसून हसून पुरेवाट झाली. तेव्हा आतापर्यंत गप्प बसलेल्या वहिनी म्हणाल्या,

"भाऊजी, तुमच्या गोष्टींतले सगळे पुरुषच कसे हो?"

आम्ही म्हणालो, "योगायोग, वहिनी."

"योगायोग नाही. बायकांच्या अशा गोष्टी होतच नाहीत. आम्ही पाणीच पीत नाही."

अंगणात एकदम शांतता झाली. वहिनी साध्या स्वरात, भाजी निवडताना बोलावे तशा बोलत होत्या. "उद्या गावाला जायचं म्हटलं की आज दुपारपासून पाणी बंद. चहा नको, ताक नको. गाडी थांबली की पुरुष उतरतात, भिंतीकडे तोंड करतात आणि विडी ओढीत परत येतात. आम्ही खिडकीशी बसून राहतो. लग्न झाल्यावर पंढरपूरला गेले तेव्हा घरी आल्यावर आठ दिवस तापानं पडले होते. डॉक्टर म्हणाले, लघवी अडवून धरू नका. कुठं जाऊ, ते नाही सांगितलं त्यांनी. मग म्हटलं, हौस नाही म्हणावं, हे सोपं."

पुतणीने वहिनींचा हात धरिला. बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

त्या एका वाक्यात जे होते त्यावर आम्ही नंतर पुष्कळ विचार केला. पुरुषाचा प्रसंग हा विनोद होतो, कारण तो चारचौघांत घडतो आणि सुटतो. स्त्रीचा प्रसंग घडतच नाही, कारण तिने तो आदल्या दिवशीच गिळून टाकिलेला असतो. पाणी कमी पिणे आणि वेग अडवून धरणे यांनी मूत्रमार्गास विकार जडतात हे वैद्यकास ठाऊक आहे. वेगांचे धारण हे रोगांचे कारण, हा आयुर्वेदाचा तर मूळ सिद्धान्तच होय. तरीही ही व्यथा घरातल्या घरात राहते. महात्मा गांधींनी १९१७ साली मुंबई ते मद्रास असा तिसऱ्या वर्गाने प्रवास केला; त्या संपूर्ण प्रवासात शौचकूप एकदाही साफ झाला नाही व टाकीत पाणी नव्हते, हे त्यांनी जाहीर रीतीने लिहिले. गांधींनी लिहिले म्हणून जगास कळले. त्याच डब्यात बसलेल्या बायकांचे कोणी लिहिले?

काळ सुधारला नाही असे नाही. रेल्वेच्या डब्यांतील मळ पूर्वी सरळ रुळांवर पडे, म्हणून गाडी स्थानकात उभी असता शौचकूप वापरू नये अशी पाटी असे. आता डब्याखालील टाकीत जंतूंच्या साहाय्याने त्याचे पाणी व वायू होतात. आमच्या साताऱ्याच्या सुरेखा यादव या आशियातील पहिल्या महिला रेल्वेचालक. त्या १९८९ मध्ये सहायक चालक झाल्या. चालकांसाठी इंजिनात शौचकूप बसविण्यास प्रारंभ झाला तो २०१६ मध्ये. मधली वर्षे वाचकांनी स्वतः मोजावी. मुंबईत पुरुषांच्या मुताऱ्या फुकट आणि स्त्रियांस मात्र पैसे, असा प्रकार होता; त्याविरुद्ध २०११ साली काही संस्थांनी 'राइट टू पी' नावाची चळवळ उभारिली. ते नाव उच्चारताना सभ्य मंडळी प्रथम लाजली, हेच त्या चळवळीचे खरे कारण होते.

सरकार करील ते करील. परंतु गृहस्थाश्रमी माणसाच्या हाती काही गोष्टी आहेत. यात्रेचा बेत ठरविताना जेवणाच्या जागेबरोबर ही जागाही आधी पक्की करावी, आणि ती चौकशी घरातील पुरुषाने मोठ्याने करावी. स्त्रीवर विचारण्याची वेळ आणू नये. दोन-अडीच तासांनी गाडी थांबवावी, आणि थांबण्याचे कारण स्त्रियांस सांगावे लागू नये. वाटेत ज्यांची घरे आहेत त्यांनी दार उघडे ठेवावे. अतिथीस अन्न व उदक देण्याचे पुण्य शास्त्रांनी वर्णिले आहे. दाभोळच्या त्या बाईने जे दिले ते त्यांहून उणे होते असे आम्हांस वाटत नाही. निघताना पुतणीने तिला काही देऊ केले. ती म्हणाली, "ह्याचे पैसे घेतात काय बाय? बंदरावरचं घर हाय आमचं. येणारा-जाणारा हायच." ज्या बंदरातून निकीतीन गेला, ज्यास आल्मेइदाने जाळिले, ज्याच्या आगबोटीही गेल्या, त्या बंदराचे बंदरपण अद्यापि त्या एका ओट्यावर शिल्लक आहे.

परतीच्या वाटेवर मोटार चार वेळा थांबली. प्रत्येक वेळी प्रथम जावईबापू उतरून चौकशी करून येत. त्या कामात त्यांचा उत्साह दांडगा होता. कोयनेपाशी वहिनींनी उसाचा रस घेतला. आता पुतणीच्या आग्रहावरून त्यांनी पारपत्रासाठी अर्ज केला आहे, आणि येत्या उन्हाळ्यात त्या डब्लिनास जाणार आहेत. परवा त्यांनी आम्हांस बोलावून एक कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "भाऊजी, ते 'म्ना' मोठ्या अक्षरांत लिहून द्या बरे. आयत्या वेळी घोटाळा नको."